न्यायाधीश कोणाचा मिंधा?

न्यायाधीश कसा असावा याविषयीं जगांत फारसा मतभेद नाहीं. तो विद्वान् असावा, निःस्पृह असावा, भीड व भीति या दोहोंपासून अलिप्त असावा, हें बहुतेक सर्व देशांतील लोकांनीं मान्य केलेलें आहे. मतभेदाला सुरुवात होते ती पुढच्या प्रश्नापासून : असा पुरुष हुडकून काढून त्याला न्यायासनावर बसवावयाचें कोणीं? आपल्याकडे निःस्पृह न्यायाधीश म्हटला कीं रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव ओठांवर येतें. परंतु ज्या पेशव्यांच्या घराण्यांतील पुरुषाला त्यांनीं दोषी ठरविलें, त्याच पेशव्यांच्या दरबारानें त्यांना न्यायाधीश नेमलें होतें, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. रामशास्त्र्यांचें तेज असें कीं नेमणाऱ्याच्या उपकाराचें ओझें त्यांना वांकवूं शकलें नाहीं. पण प्रत्येक पिढीला रामशास्त्री मिळेलच याची हमी कोणी द्यावी? सामान्य सचोटीचा व सामान्य धैर्याचा मनुष्य न्यायासनावर बसला तरी त्याच्या हातून न्यायच व्हावा, अशी व्यवस्था करतां येते काय, हा खरा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जितके प्रयोग झाले तितके क्वचितच दुसरीकडे झाले असतील. वॉशिंग्टन येथील संघराज्याच्या सुप्रीम कोर्टाची गोष्ट येथें अभिप्रेत नाहीं. तेथील न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवितो, सीनेट त्याला संमति देते व तो तहाहयात त्या पदावर राहूं शकतो. ही रीत पहिल्यापासून बदललेली नाहीं. परंतु तेथील पन्नास राज्यांपैकीं प्रत्येकाला स्वतःची घटना, स्वतःचे कायदे व स्वतःचें श्रेष्ठ न्यायालय आहे. जमिनीचा तंटा, घराचा करार, विवाह, वारसा, चोरी, खून – सामान्य मनुष्याच्या आयुष्यांत जे वाद उद्भवतात ते बहुतेक राज्यांच्या न्यायालयांतच निकालांत निघतात, आणि राज्याच्या कायद्यापुरता त्यांतील शेवटचा शब्द त्या राज्याच्या श्रेष्ठ न्यायालयाचा असतो. या न्यायालयांवर न्यायाधीश बसविण्याच्या रीती मात्र एकसारख्या नाहींत. कोठें गव्हर्नर नेमतो, कोठें विधिमंडळ निवडतें, कोठें पक्षाच्या तिकिटावर उभा राहून उमेदवार मतदारांपुढें हात जोडतो, तर कोठें एखादी समिति तीन नांवें काढून देते. हें वैचित्र्य लहरीपणाचें फळ नव्हे. यांतील बहुतेक रीती पूर्वीच्या एखाद्या रीतीच्या दोषावर उतारा म्हणून आलेल्या आहेत, आणि उताऱ्यानेंही कालांतरानें आपला नवा दोष उत्पन्न केला आहे. ती परंपरा थोडक्यांत सांगावी व तिच्यांतून कांहीं बोध निघतो काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

या इतिहासाचें मूळ अमेरिकन राज्यक्रांतीच्याही मागें जातें. इंग्लंडांत १७०१ सालीं झालेल्या कायद्यानें न्यायाधीशांना असें अभय मिळालें होतें कीं, त्यांचें वर्तन चांगलें असेपर्यंत केवळ राजाच्या मर्जीखातर त्यांना काढतां येऊं नये. समुद्रापलीकडील वसाहतींना मात्र हें अभय लाभलें नाहीं. तेथील न्यायाधीश राजाची मर्जी असेपर्यंतच न्यायाधीश. म्हणूनच १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत तिसऱ्या जॉर्ज राजाविरुद्ध तक्रारींची जी लांबलचक यादी आहे, तींत ही एक तक्रार आढळते कीं, न्यायाधीशांच्या पदाची मुदत आणि त्यांचा पगार या दोन्ही गोष्टी राजानें केवळ आपल्या इच्छेवर ठेवल्या. वाचकांनीं येथें एक बारकावा लक्षांत ठेवावा. राजा न्यायाधीश नेमतो, ही ती तक्रार नव्हे. राजा त्याला वाटेल तेव्हां काढूं शकतो व त्याचा पगार अडवूं शकतो, ही तक्रार आहे. हा बारकावा पुढील काळांत पुष्कळांच्या दृष्टींतून निसटला, आणि आमच्या मतें सर्व घोटाळ्याचें बीज तेथेंच आहे.

स्वातंत्र्यानंतर मूळच्या तेरा राज्यांपैकीं आठांनीं न्यायाधीश निवडण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. उरलेल्या पांचांत तो गव्हर्नरकडे, पण बहुधा एखाद्या सल्लागार मंडळाच्या जोडीनें, राहिला. ही निवड थेट लोकांच्या हातीं एकाही राज्यानें दिली नाहीं. राजाच्या अनुभवानें पोळलेले ते लोक एका व्यक्तीच्या हातांतील सत्तेला भीत होते. लोकप्रतिनिधींची सभा ही लोकांचीच सावली, तिच्यापासून भय कसलें, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब किती चुकीचा होता हें दहा वर्षांतच दिसून आलें.

ऱ्होड आयलंड हें त्यांतलें सर्वांत चिमुकलें राज्य. तेथील विधिमंडळानें १७८६ सालीं कागदी नोटांचा पूर सोडला, आणि त्या नोटा दर्शनी किंमतीनें न घेणारास दंड ठोठावून, ज्यूरीवांचूनच त्याची चौकशी करावी, असा कायदा केला. न्यूपोर्ट गांवच्या जॉन वीडन नांवाच्या खाटकानें मांसाच्या बदल्यांत नोट घेण्याचें नाकारलें. जॉन ट्रेव्हेट नांवाच्या गिऱ्हाइकानें त्याच्यावर फिर्याद केली. राज्याच्या श्रेष्ठ न्यायालयानें ती फिर्याद आपल्यापुढें चालूं शकत नाहीं असें ठरवून काढून टाकली. यावर विधिमंडळ खवळलें. त्यानें न्यायाधीशांनाच आपल्यापुढें बोलावून निकालाचा जाब विचारला. न्यायाधीशांनीं तेथें ताठ मानेनें उत्तरें दिलीं, व त्यांना तत्काळ काढण्याचें धाडस सभेला झालें नाहीं. तसें करण्याची गरजही नव्हती. त्या राज्यांत न्यायाधीशांची निवड दरवर्षीं होत असे. पुढच्या वर्षीं त्यांतील बहुतेकांना पुन्हां निवडलें गेलें नाहीं.

केंटकी राज्यांत तर याहून विलक्षण प्रकार घडला. १८१९ सालच्या आर्थिक संकटांत हजारों शेतकरी कर्जांत बुडाले, आणि विधिमंडळानें त्यांना सवलत देणारे कायदे केले. सावकारांच्या करारांवर या कायद्यांनीं गदा येते, असें म्हणून श्रेष्ठ न्यायालयानें १८२३ सालीं ते अवैध ठरविले. कर्जदारांचें दुःख खरें होतें, व न्यायाधीशांचा निकाल त्यांना निष्ठुर वाटला यांत नवल नाहीं. न्यायाधीशांना काढण्यासाठीं दोनतृतीयांश मतें लागत, तीं मिळेनात. तेव्हां विधिमंडळानें १८२४ सालीं साध्या बहुमतानें तें न्यायालयच रद्द केलें व त्याच्या जागीं दुसरें निर्माण केलें! जुन्या न्यायाधीशांनीं तें मानलें नाहीं. नव्या न्यायालयाच्या कारकुनानें जुन्याच्या दप्तरखान्यांत घुसून कागदपत्रें उचलून नेलीं. सुमारें दोन वर्षें एका राज्यांत दोन श्रेष्ठ न्यायालयें नांदत होतीं, आणि कोणत्या न्यायालयाचा हुकूम खरा हें पक्षकारांना समजेना. शेवटीं निवडणुकींत जुन्या न्यायालयाचा पक्ष जिंकला व १८२६ सालाच्या अखेरीस हा तमाशा संपला. राजाची जागा सभेनें घेतली, तरी न्यायाधीशाच्या मानेवरील टांगती तलवार तशीच राहिली होती.

यावर उतारा म्हणून जी कल्पना पुढें आली ती आज ऐकतांना चमत्कारिक वाटते : न्यायाधीशाला स्वतंत्र करावयाचें असेल तर त्याला लोकांकडूनच निवडून येऊं द्यावें! मिसिसिपी राज्यानें १८३२ सालीं आपले सर्व न्यायाधीश लोकनियुक्त केले. खरी लाट मात्र उसळली ती न्यूयॉर्क राज्यानें १८४६ सालीं नवी घटना करून हीच वाट धरल्यावर. लोकनियुक्त न्यायाधीश म्हणजे लोकक्षोभापुढें मान तुकविणारा न्यायाधीश, अशी आपली सहज समजूत होते. परंतु त्या काळच्या सुधारकांचा हेतु अगदीं उलट होता. १८३७ च्या आर्थिक संकटानंतर कालवे व रेल्वे यांसाठीं काढलेल्या कर्जांनीं कित्येक राज्यें दिवाळखोरीच्या कांठावर आलीं होतीं. विधिमंडळांनीं मर्जींतल्या कंपन्यांवर सवलतींची खैरात केली, आणि न्यायाधीश गप्प बसले. कारण न्यायाधीश कोणाला करावयाचें हेंही पक्षांच्या पुढाऱ्यांनींच ठरविलेलें असे. ज्याचें मीठ खाल्लें त्याला ‘नाहीं’ म्हणणें कठीण. न्यायाधीशाला लोकांचेंच थेट पाठबळ मिळालें तर तो विधिमंडळाला निर्भयपणें आडवा जाईल, अशी त्या सुधारकांची अटकळ होती. आणि ती अगदींच फोल ठरली नाहीं. पुढील दशकांत लोकनियुक्त न्यायालयांनीं विधिमंडळांचे कायदे पूर्वीपेक्षां अधिक प्रमाणांत रद्द केले, असें अभ्यासकांना आढळून आलें आहे. यादवी युद्धाच्या तोंडावर ३४ राज्यांपैकीं २४ राज्यांत न्यायाधीशांची निवडणूक सुरू झालेली होती.

पण ‘लोक’ म्हणजे कोण? मतपत्रिकेवर कोणाचें नांव छापावयाचें हें ठरविणारा जो असेल, तोच व्यवहारांत ‘लोक’ होऊन बसतो, हें न्यूयॉर्क शहरानें जगाला दाखविलें. तेथें टॅमनी हॉल या पक्षसंघटनेचा म्होरक्या विल्यम ट्वीड यानें शहराचा खजिना लुटला, व त्या लुटीला संरक्षण मिळावें म्हणून न्यायासनांवर आपलीं माणसें निवडून आणलीं. वाचकांनीं नांवांचा गोंधळ मात्र टाळावा : त्या राज्यांत ज्याला सुप्रीम कोर्ट म्हणतात तें वस्तुतः खालचें न्यायालय आहे, आणि श्रेष्ठ न्यायालयाचें नांव कोर्ट ऑफ अपील्स असें आहे. ट्वीडचे हस्तक या खालच्या न्यायालयांत होते. या प्रकाराचा वीट येऊन शहरांतील प्रतिष्ठित वकिलांनीं १८७० सालीं स्वतःची संघटना स्थापली, आणि १८७२ सालीं न्यायाधीशांवर महाभियोगाची कारवाई सुरू झाली. जॉर्ज बार्नार्ड याला पदावरून दूर करण्यांत आलें. आल्बर्ट कार्डोझो नांवाचा दुसरा न्यायाधीश मोठा हुषार व कायदेपंडित होता. त्यानें महाभियोग टाळण्यासाठीं राजीनामा दिला.

या आल्बर्ट कार्डोझोला त्या वेळीं दोन वर्षांचा एक मुलगा होता. त्याचें नांव बेंजामिन. बापाच्या नांवावरील डाग पुसून काढावयाचा हें जणूं आयुष्याचें व्रत म्हणून तो वकिलींत शिरला. १९१३ सालीं टॅमनी हॉलच्या विरोधकांनीं त्याला उभें केलें, आणि ज्या न्यायालयांतून बाप खालीं मान घालून बाहेर पडला त्याच न्यायालयावर मुलगा थोडक्या मतांनीं निवडून आला. पुढल्याच वर्षीं त्याला कोर्ट ऑफ अपील्समध्यें घेण्यांत आलें. तेथें १९१६ सालीं त्यानें दिलेला मोटारगाडीच्या मोडक्या चाकाचा निकाल प्रसिद्ध आहे : कारखानदाराशीं गिऱ्हाइकाचा प्रत्यक्ष करार झालेला नसला तरी सदोष वस्तूपासून झालेल्या इजेबद्दल कारखानदार जबाबदार ठरूं शकतो, हें तत्त्व त्यानें प्रस्थापित केलें. १९२६ सालीं दोन्ही प्रमुख पक्षांनीं त्यालाच मुख्य न्यायाधीश म्हणून उभें केलें. १९३२ सालीं तो देशाच्या सुप्रीम कोर्टावर गेला. बाप व लेक दोघेही न्यायासनावर प्रथम चढले ते निवडणुकीच्याच शिडीनें. मग दोष शिडीचा म्हणावा कीं चढणाराचा? उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट पाहिली पाहिजे. न्यूयॉर्कनें १८६९ सालीं घटनादुरुस्ती करून कोर्ट ऑफ अपील्सच्या न्यायाधीशांची मुदत आठ वर्षांवरून चौदा वर्षांवर नेली होती. चौदा वर्षें पुन्हां मतें मागावयाचीं नाहींत, एवढी निश्चिंती असली म्हणजे निवडून आलेला मनुष्यही, निवडून देणारांना विसरूं शकतो. आणि न्यायाधीशाच्या बाबतींत हें विसरणें हाच सद्गुण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं सुधारणेची दुसरी लाट आली. १९०६ सालीं मिनेसोटा राज्यांतील सेंट पॉल येथें वकिलांच्या वार्षिक परिषदेंत रॉस्को पाउंड या तरुण कायदेपंडितानें, न्यायालयांना राजकारणांत ओढल्यामुळें त्यांच्याविषयींचा आदर जवळजवळ नष्ट झाला आहे, असें परखडपणें सांगितलें. कांहीं वर्षांनीं आल्बर्ट केल्स या प्राध्यापकानें एक तडजोड सुचविली. तिचें परिणत रूप मिझूरी राज्यांत दिसून आलें. तेथील कॅन्सस सिटी शहरावर टॉम पेंडरगास्ट या पक्षधुरंधराची हुकमत होती. विम्याच्या एका मोठ्या दाव्यांत श्रेष्ठ न्यायालयाच्या जेम्स डग्लस या न्यायाधीशानें त्याच्या मनाविरुद्ध मत दिलें, तेव्हां १९३८ सालीं त्याला उमेदवारीच मिळूं नये म्हणून पेंडरगास्टनें शिकस्त केली. गव्हर्नर पाठीशीं उभा राहिला म्हणून डग्लस वांचला. पुढच्याच वर्षीं पेंडरगास्ट प्राप्तीकर चुकविल्याबद्दल तुरुंगांत गेला. आणि १९४० सालीं मिझूरीच्या मतदारांनीं सार्वत्रिक मतदानानें घटना बदलली. विधिमंडळाला ती रुचली नाहीं. त्यानें १९४२ सालीं ती रद्द करण्याचा प्रस्ताव लोकांपुढें ठेवला, पण लोकांनीं तो फेटाळला.

मिझूरीची योजना समजण्यास सोपी आहे. सात जणांची एक समिति असते. तिच्यांत तीन वकील – हे वकिलांनींच निवडलेले. तीन सामान्य नागरिक – हे गव्हर्नरनें नेमलेले. आणि अध्यक्षस्थानीं श्रेष्ठ न्यायालयाचा एक न्यायाधीश. जागा रिकामी झाली कीं ही समिति अर्ज मागवून, मुलाखती घेऊन तीन नांवें गव्हर्नरकडे पाठविते. गव्हर्नरनें साठ दिवसांत त्यांतूनच एक निवडावयाचें. न निवडल्यास समिति स्वतः निवडते. नवा न्यायाधीश निदान वर्षभर काम करतो आणि मग पुढच्या सार्वत्रिक निवडणुकींत मतदारांना एकच प्रश्न विचारला जातो : याला पदावर ठेवावयाचें कीं नाहीं? विरुद्ध उमेदवार नाहीं, पक्षाचें चिन्ह नाहीं. ‘ठेवावें’ असें ठरलें तर बारा वर्षें पुन्हां प्रश्न नाहीं. तज्ज्ञांची पारख, गव्हर्नरची जबाबदारी व लोकांचा अधिकार या तिन्हींचा मेळ घालण्याची ही युक्ति अनेक राज्यांना पसंत पडली, आणि पुढील अर्धशतकांत तिचा प्रसार दूरवर झाला.

कॅन्सस राज्यानें ती कां स्वीकारली ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९५६ सालीं तेथील गव्हर्नर फ्रेड हॉल आपल्याच पक्षाची उमेदवारी गमावून बसला होता. मुदत संपण्यास थोडे दिवस उरले असतां श्रेष्ठ न्यायालयाच्या आजारी मुख्य न्यायाधीशानें राजीनामा दिला. १९५७ च्या जानेवारींत हॉलनेंही राजीनामा दिला. त्यामुळें लेफ्टनंट गव्हर्नर मॅक्यूइश अवघ्या अकरा दिवसांचा गव्हर्नर झाला, व त्यानें रिकाम्या न्यायासनावर कोणाला नेमलें? त्याच फ्रेड हॉलला! लोक इतके संतापले कीं १९५८ सालीं त्यांनीं घटनादुरुस्ती करून मिझूरीचा मार्ग धरला. नेमणारा हात स्वच्छ असला पाहिजे याची साक्ष यापेक्षां स्पष्ट ती काय असावी!

येथपर्यंतचा इतिहास वाचून, आतां प्रश्न सुटला, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु मिझूरीच्या योजनेंत जें मतदान केवळ अपवादात्मक प्रसंगासाठीं राखून ठेवलेलें होतें, त्याच भोंकांतून जुना रोग पुन्हां आंत शिरला. अशाच धर्तीचें मतदान कॅलिफोर्नियानें १९३४ पासून चालविलें होतें. तेथें १९७७ सालीं रोझ बर्ड या बाई मुख्य न्यायाधीश झाल्या. त्या पदावर बसलेली ती पहिलीच स्त्री. त्यांच्यापुढें आलेल्या ६१ देहांत शिक्षेच्या खटल्यांपैकीं एकाहीमध्यें त्यांनीं ती शिक्षा कायम करण्याच्या बाजूनें मत दिलें नाहीं. १९८६ सालीं त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम उघडण्यांत आली, व त्या आणि त्यांचे दोन सहकारी, तिघेही पदावरून दूर झाले. त्यांचीं मतें कायद्याला धरून होतीं कीं नव्हतीं याविषयीं जाणत्यांत आजही दुमत आहे. मतदारांनीं मात्र ज्याचा निवाडा केला तो त्यांच्या कायदेज्ञानाचा नव्हे, तर निकालाचा.

त्याहून बोधप्रद उदाहरण आयोवाचें. तेथें १९६२ सालीं मिझूरीची पद्धति आली, आणि पुढें श्रेष्ठ न्यायालयाचा एकही न्यायाधीश या मतदानांत पडला नाहीं. २००९ सालीं त्या न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारणें राज्याच्या घटनेविरुद्ध आहे. पुढच्याच वर्षीं त्यांपैकीं तिघांवर मतदान आलें. राज्याबाहेरील संघटनांनीं प्रचारासाठीं पैसा ओतला, व तिघेही गेले. निकाल जेथल्या तेथें राहिला, कारण तो सातांचा होता. पुढें २०१२ सालीं एक व २०१६ सालीं तीन न्यायाधीश याच मतदानांतून सुखरूप बाहेर पडले, हेंही सांगितलें पाहिजे. लोकांचा राग नेहमींच टिकतो असें नाहीं. परंतु हीच गोष्ट मॅसॅच्युसेट्स राज्यांत कशी घडली तें पाहावें. तेथील श्रेष्ठ न्यायालयानें हाच प्रश्न २००३ सालीं, तोही चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमतानें, तशाच रीतीनें सोडविला होता. गदारोळ तेथेंही झाला. पण एकाही न्यायाधीशाचें आसन हाललें नाहीं. कारण १७८० सालच्या त्या राज्याच्या घटनेंत गव्हर्नरनें नेमावें, त्याच्या सल्लागार मंडळानें संमति द्यावी, आणि एकदां नेमलेल्या न्यायाधीशानें वर्तन चांगलें असेपर्यंत राहावें, अशी योजना आहे; १९७२ सालीं तिला सत्तर वर्षांच्या वयाची मर्यादा तेवढी घालण्यांत आली. न्यायाधीश नेमण्यांत तेथेंही राजकारण असतेंच. पण नेमणूक झाल्यावर त्या राजकारणाचा हात न्यायाधीशापर्यंत पोंचत नाहीं.

जेथें उघड निवडणुकाच कायम राहिल्या तेथें पैशाचें प्राबल्य वाढत गेलें. वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत कोळशाच्या एका बड्या कंपनीविरुद्ध सुमारें पांच कोटी डॉलरांचा निकाल झाला होता. अपील श्रेष्ठ न्यायालयांत जाण्यापूर्वीं, २००४ सालीं, त्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यानें एका उमेदवाराला निवडून आणण्याच्या कामीं सुमारें तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला, अपील ऐकण्यास बसला, आणि त्याच्या मतानें कंपनी तीन विरुद्ध दोन अशी जिंकली. २००९ सालीं देशाच्या सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं सांगितलें कीं, या न्यायाधीशानें या खटल्यांतून बाजूला होणें आवश्यक होतें. पुढें त्या राज्यानें न्यायाधीशांच्या निवडणुकींतून पक्षांचीं नांवें काढून टाकलीं. पण पक्षाचें नांव काढल्यानें पैसा निघून जात नाहीं. विस्कॉन्सिन राज्यांत श्रेष्ठ न्यायालयाच्या निवडणुका कागदोपत्रीं पक्षरहित आहेत. तेथें २०२५ च्या एप्रिलमध्यें एका जागेसाठीं झालेल्या निवडणुकींत दोन्ही बाजूंचा मिळून दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. न्यायाच्या तराजूची एवढी किंमत अमेरिकेंत तोंपर्यंत कधीं पडली नव्हती.

या सुमारें अडीचशें वर्षांच्या खटाटोपाचें सार काय? राजाच्या भीतीनें सभेकडे, सभेच्या भीतीनें लोकांकडे, पक्षाच्या भीतीनें समितीकडे – अशी ही यात्रा झाली. प्रत्येक पिढीनें नेमणारा हात बदलला. पण ज्या ज्या प्रसंगीं न्याय प्रत्यक्ष अडचणींत आला, ते बहुतेक प्रसंग नेमण्याचे नव्हते, काढण्याचे किंवा पुन्हां निवडण्याचे होते. ऱ्होड आयलंडचे न्यायाधीश सभेनेंच निवडलेले असूनही तिला आडवे गेले. पडले ते फेरनिवडींत. आयोवाच्या न्यायाधीशांची निवड निर्दोष होती. घात झाला तो फेरमतदानांत. उलट बेंजामिन कार्डोझो निवडणुकीच्या चिखलांतून वर आला, तरी चौदा वर्षांच्या निश्चिंतीनें त्याला स्वच्छ राहतां आलें. मनुष्याला झालेल्या उपकाराचें स्मरण काळानुसार फिकें होत जातें. पण येणाऱ्या संकटाची भीति दिवसेंदिवस गडद होत जाते. म्हणून न्यायाधीश मिंधा असतो तो ज्यानें त्याला बसविलें त्याचा नव्हे, तर ज्याला त्याला उठवितां येईल त्याचा. १७७६ च्या तक्रारींतला बारकावा तो हाच.

याचा अर्थ नेमणुकीची रीत कशीही असली तरी चालेल असा नव्हे. कॅन्ससचा दोन राजीनाम्यांचा खेळ व वेस्ट व्हर्जिनियाचे तीस लाख डॉलर हीं उदाहरणें तसें म्हणूं देत नाहींत. शिवाय, ज्याला कोणीही उठवूं शकत नाहीं असा न्यायाधीश उन्मत्त किंवा आळशी झाला तर काय करावें, हा लोकपक्षाचा आक्षेपही खोटा नव्हे. न्याय लोकांच्या नांवानें होतो. लोकांना त्यांत कांहींच शब्द नसावा असें लोकशाहींत म्हणतां येणार नाहीं. परंतु लोकांचा तो शब्द न्यायाधीश बसण्यापूर्वीं उच्चारला जावा, प्रत्येक निकालानंतर नव्हे, एवढें तरी या इतिहासावरून म्हणतां येईल. ज्या ऱ्होड आयलंडनें १७८६ नंतर आपले न्यायाधीश फेरनिवडींत टाकून दिले, त्याच राज्यानें १९९४ सालीं समितीनें नांवें सुचवावीं, गव्हर्नरनें निवडावें, विधिमंडळानें संमति द्यावी, व मग न्यायाधीशानें तहाहयात राहावें, अशी व्यवस्था पत्करली. दोनशें वर्षांनीं शहाणपण आलें असें म्हणावें, कीं त्या राज्यालाही पुढें नवा दोष दिसेल, हें काळच सांगेल.

ज्या न्यूयॉर्क शहरांत १९१३ सालीं कार्डोझो निवडून आला, त्याच शहरांत त्याच वर्षीं कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं एक मराठी विद्यार्थी आला होता. १९४९ च्या मे महिन्यांत भारताच्या घटनासमितींत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हां त्याच विद्यार्थ्यानें, म्हणजे डॉ. आंबेडकरांनीं, इंग्लंडची व अमेरिकेच्या संघराज्याची अशा दोन्ही रीती सभेपुढें मांडल्या. नेमणूक केवळ सरकारच्या हातीं देणें धोक्याचें, ती कायदेमंडळाच्या संमतीवर सोंपविणें म्हणजे राजकारणाला दार उघडणें. आणि मुख्य न्यायाधीशालाच नकाराधिकार द्यावा, तर तोही शेवटीं इतरांसारखाच गुणदोषांनीं भरलेला मनुष्य, अशा आशयाचें त्यांचें उत्तर होतें. त्यांनीं सल्लामसलतीचा मध्यम मार्ग निवडला. आणि न्यायाधीशाला निवृत्तीच्या वयापर्यंत, संसदेच्या विशेष बहुमतावांचून, कोणी हालवूं नये असा बंदोबस्त घटनेंत राहिला. तो सल्ला कोणाचा वरचढ, हा वाद आपल्याकडे १९९३ व २०१५ च्या निकालांनंतरही शमलेला नाहीं. तो चालू राहो. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र न्यायासनावर बसलेल्या मनुष्याला बढतीची आशा, बदलीची धास्ती किंवा निवृत्तीनंतरच्या जागेची लालूच दाखविण्याची सोय कोणाच्या हातीं राहते, इकडे त्या वादाच्या गलबल्यांत आपलें दुर्लक्ष होऊं नये. अमेरिकेच्या राज्यांनीं जें एवढी किंमत देऊन शिकण्याचा प्रयत्न केला तें आपणांस नुसतें वाचून शिकतां आलें, तर वाचनाचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.